तळ्यात राहिलेला चौथा

वेणीमाधवराव मैंदर्गीकर अठरा वर्षे शाळेत भूगोल शिकवत होते, आणि जन्माचे मैंदर्गी, नोकरीचे सोलापूर व सासुरवाडीचे वैराग एवढी गावे सोडली तर आणखी एकही गाव त्यांनी पाहिलेले नव्हते. यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. आफ्रिकेचा नकाशा ते पुस्तकात न पाहता एका दमात फळ्यावर काढत, आणि तिथल्या सरोवरांविषयी असे बोलत की सकाळची आंघोळ तिथेच उरकून आले असावेत. मुले त्यांना मास्तर म्हणत, गल्लीही मास्तरच म्हणे. आपणही तेच म्हणू.

तर अशा माणसाने १९३३ सालच्या नाताळच्या सुट्टीत बायकोमुलीला घेऊन डोंगरातल्या तळ्यावर पायी जायचे ठरवले, तेव्हा गल्लीला वाटले मास्तरांनी कोणाशी तरी पैज लावली आहे. ते अगदीच खोटे नव्हते. पैज लागली होती, पण ती घरातल्या घरात.

झाले होते असे, की श्रावणात त्यांची मुलगी मालती तापाने पडली. दहा वर्षांची पोर. एकवीस दिवसांनी ताप उतरला, चार दिवसांनी उलटला आणि पुन्हा एकवीस दिवस मुक्कामाला राहिला. दसऱ्याला मालती उठून बसली तेव्हा तिचे केस गळून गेले होते आणि पाय पळीच्या दांड्याएवढे राहिले होते. ताप पोरीच्या अंगातून गेला, पण तिच्या आईच्या मनातून काही केल्या जाईना. गोदावरीबाई तिला जिन्यावरून उचलून खाली नेत, उचलून वर आणत. डॉक्टरांनी तीनदा सांगितले की आता हिला चालवा, भरपूर चालवा. गोदावरीबाई म्हणाल्या की डॉक्टरांना सांगायला काय जाते, त्यांना मूलबाळ नाही.

शाळेतून चिठ्ठी आली होती. दोन जानेवारीला मुलगी हजर झाली नाही तर पटावरून नाव काढावे लागेल, आणि मग वर्ष गेले. मालती रोज संध्याकाळी दप्तर भरी, पाटी पुसून वर ठेवी, आणि सकाळी ते सगळे काढून परत फडताळात लावी. मास्तरांना हे पाहवत नसे. एका संध्याकाळी त्यांनी धीर करून विषय काढला, आणि गोदावरीबाईंनी तो एका अटीत मिटवला.

"तुम्ही तिला आजारात सांगत होतात ना, ते डोंगरातलं तळं? तिथपर्यंत ती स्वतःच्या पायांनी गेली आणि स्वतःच्या पायांनी परत आली, तर पाठवीन शाळेत. वाटेत एकदा जरी मला उचलून घ्यावी लागली, तर यंदा शाळेचं नाव काढायचं नाही."

हे तळे म्हणजे कोल्हेघळीचे तळे. जिल्ह्याच्या नकाशात उत्तरेच्या डोंगररांगेत, मोगलाईच्या म्हणजे निजामाच्या हद्दीत, एक निळा ठिपका होता. तापात मालती पाणी पाणी करी तेव्हा मास्तर उशाशी बसून त्या ठिपक्याचे वर्णन करत. पाणी निळे, भोवती डोंगर, काठावर मोर. यातले निळे तेवढे नकाशात होते, बाकीचे मास्तरांचे होते. गोदावरीबाईंनी नेमके तेच तळे निवडले, कारण नवरा तिथवर कधी जाणार नाही याची त्यांना बारा वर्षांच्या संसारात खात्री पटलेली होती. मास्तरांनाही तशीच खात्री होती. पण मालती दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेले की बरे, येत्या गुरुवारी जाऊ.

आता गल्लीत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरचे गोपाळराव काठी टेकत आले. गोपाळरावांनी कचेरीत बत्तीस वर्षे आवक-जावकीचे दफ्तर लिहिले होते, आणि निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी घरात भाजी आली की तिची नोंद करावी असे त्यांना वाटत असे. त्यांनी विचारले, हद्द ओलांडणार ना? मग यादी केली का? मास्तर म्हणाले की लोक रोज बैलगाड्या घेऊन जातात येतात, नाक्यावर कोणी यादी मागितल्याचे ऐकले नाही. गोपाळराव त्यांच्याकडे दयेने पाहून हसले. म्हणाले, मागत नाहीत म्हणूनच द्यावी. न मागता कागद देणाऱ्या माणसाचा वचक बसतो. यादी तीन प्रतींत, सामान निराळे, माणसे निराळी, खाली सही आणि हुद्दा. मास्तरांना हुद्दा हा शब्द आवडला.

सामान तर वाढतच चालले. गोपाळरावांनी दोर सांगितला, कापूर सांगितला, तरस आल्यास वाजवायला थाळी सांगितली. मास्तरांनी स्वतः शाळेतले होकायंत्र आणले. गोदावरीबाईंनी मालतीसाठी दोन शाली, एक रजई, काढ्याची बाटली आणि वेखंड घेतले. माडीखाली राहणाऱ्या घरमालकीण शांतम्मांनी कडक भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी पाठवली, आणि मग स्वतःच वर आल्या, कारण मुख्य गोष्ट सांगायची राहिली होती.

"किती जनं जानार?" त्यांनी विचारले.

"आम्हीच की. हे, मी आणि मालती."

शांतम्मांनी डोळे मिटून मान हलवली. "तिघं मिळून निघू नये बाई. त्यात पोर दुखन्यातनं उठल्याली. चौथा पायजे."

चौथे माणूस कुठून आणायचे? त्याची तोड जुन्या बायकांना ठाऊक असते. तिघांना निघणे भाग असले तर एक दगड बरोबर घ्यायचा. तो चौथा. शांतम्मांनी आपल्या सांडग्या-पापडांवर ठेवायचा काळा, चपटा, गुळगुळीत दगड पदराखालून काढला, त्याला हळदकुंकू लावले आणि गोदावरीबाईंच्या ओटीत घातला. घरी येईपर्यंत तो माणूस आहे असे धरायचे, आणि जसा नेला तसा आणायचा, असेही बजावले.

मास्तरांनी यावर पाऊण तास व्याख्यान दिले. दगड म्हणजे काय, बेसाल्ट म्हणजे काय, ज्वालामुखीचा रस थंड होऊन आपले दख्खनचे पठार कसे झाले, आणि त्या रसाच्या तुकड्याला माणूस म्हणणे हे विसाव्या शतकात कसे शोभत नाही. गोदावरीबाईंनी ते ऐकता ऐकता दगड एका फडक्यात बांधला.

खरे भांडण पेटले ते यादी लिहिताना. मास्तर सुंदर अक्षरात सामान लिहून 'माणसे' या रकान्यापर्यंत आले आणि तिथे त्यांनी तीन लिहायला टाक उचलला. गोदावरीबाईंनी त्यांचा हात धरला. तीन लिहिले की दगडाचा उपयोग काय? मास्तर म्हणाले, मी मास्तर आहे, खोटे लिहिणार नाही. बाई म्हणाल्या, मग मी येत नाही, आणि मी नाही म्हणजे मालती नाही. मालतीने भरलेल्या दप्तराकडे पाहिले. मास्तरांनी टाक बुडवला, आणि अठरा वर्षांच्या नोकरीत न केलेली गोष्ट केली. 'माणसे: चार.' तीन प्रतींत.

गुरुवारी पहाटे महबूबभाईंचा टांगा दाराशी लागला; नाक्यापर्यंत टांगा आणि तिथून पुढे पायी, असे ठरले होते. महबूबभाई गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना दवाखान्यात नेणारे, त्यामुळे टांगा जपून हाकत. सामान पाहून त्यांनी एवढेच विचारले की मास्तर, घर बदल रहे क्या. सूर्य वर येईतो ते हद्दीच्या नाक्यावर पोहोचले. एक खोली, एक आडवा बांबू, आणि ओट्यावर बसून दात घासणारे एक कारकून. त्यांचे नाव इसूफमियाँ. टांग्यात बाई आणि मूल पाहून त्यांनी हातानेच जा म्हणून खूण केली, आणि शिपायाने बांबू उचललाही. आपण असतो तर गेलो असतो. पण मास्तर खाली उतरले, कोट सारखा केला, आणि तिन्ही प्रती इसूफमियाँच्या पुढे धरल्या.

इसूफमियाँनी दातवण बाजूला ठेवले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारले की हे कशासाठी? मास्तर म्हणाले, नियमाप्रमाणे. इसूफमियाँ म्हणाले, असा नियम नव्हता, पण आता कागद आला म्हणजे नोंद करणे आले. मग पेटी उघडली, पेटीतून जाड वही निघाली, आणि रजईपासून वेखंडापर्यंत एकेक वस्तू तीत उतरू लागली. तिकडे ऊन चढत होते. सगळे झाल्यावर त्यांनी 'आदमी चार' असे लिहिले, शाई वाळवली, आणि टांग्याकडे पाहून बोटांनी मोजले. टांगेवाला तर नाक्यावरच थांबणार होता.

"मास्तरसाहेब, चौथे कुठे आहेत?"

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरांना बाकावर उभे करण्यात जन्म गेला होता, आज स्वतः बाकावर उभे राहिल्यासारखे झाले. त्यांनी फडके सोडले आणि हळदकुंकू लावलेला दगड टेबलावर ठेवला. इसूफमियाँनी तो बराच वेळ निरखला. ते हसले नाहीत, हे मास्तर पुढे जन्मभर सांगत असत. ते म्हणाले की आमच्या अम्मीही तिघांना निघू देत नसत. पण वहीत खाडाखोड करता येत नाही. त्यांनी समासात बारीक अक्षरात काही लिहिले आणि एक चिठ्ठी फाडून दिली. तीवर होते, 'आत गेले: चार.' परत जाताना चिठ्ठी दाखवायची, चार बाहेर गेल्याची नोंद होईल, आणि प्रकरण मिटेल. मास्तरांनी चिठ्ठी पाकिटात ठेवली. यापुढे गोदावरीबाईंपेक्षा त्या दगडाची काळजी त्यांनाच जास्त होती.

नाक्यापासून डोंगर हाकेच्या अंतरावर दिसत होता. मास्तरांनी होकायंत्र तळहातावर धरून सगळ्यांना उत्तरेस नेले. उत्तरेस एक वाळका ओढा लागला, मग निवडुंगाचे कुंपण, मग एका म्हशीने रोखून पाहिले. वाट पूर्वेकडून वर जात होती हे मालतीने दोनदा सांगितले, कारण तिला वर जाणारी शेळ्यामेंढ्यांची रांग दिसत होती. पण मास्तर म्हणाले की शेळ्यांना दिशा कळत नाहीत. तासाभराने ते पुन्हा त्याच ओढ्यात आले. मग त्यांनी होकायंत्र खिशात घातले आणि शेळ्यांच्या मागून जाणे शास्त्राला धरूनच आहे असे जाहीर केले.

चढ सुरू झाला आणि मास्तरांचे सगळे लक्ष मालतीच्या पायांवर गेले. डोक्याला रुमाल बांधलेली ती पोर एक एक पाऊल मोजून टाकत होती. वीस पावले चालायची आणि थांबायची. थांबली की गोदावरीबाईंचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे. मालती ते हात बघायची आणि पुन्हा चालायला लागायची. मास्तरांचा श्वास त्या हातांत अडकलेला होता. त्यांनी तिला धीर द्यावा म्हणून तोंड उघडले, पण दम इतका लागला होता की नुसतीच शीळ निघाली. धोतराला कुसळे लागली, कोटाच्या खिशात काढ्याची बाटली फुटली, आणि वहाणेचा अंगठा तुटला तो त्यांनी गोपाळरावांच्या दोराने बांधला. थाळी घेऊन चालणारी मालतीच होती. ती अधूनमधून वाजवायची, तरसासाठी नव्हे, थांबायला निमित्त म्हणून.

अर्ध्या डोंगरावर ती एका धोंड्यावर बसली आणि उठेना. ओठ पांढरे पडले होते. गोदावरीबाई खाली वाकल्या. मास्तरांनी मान फिरवली. शाळा गेली, असे त्यांच्या मनात आले, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"आई, नको," मालती म्हणाली. "मला भाकरी दे."

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आजारातून उठल्यापासून पोरीने आपणहून खायला मागितले नव्हते. तिने एक भाकरी खाल्ली, अर्धी आणखी मागितली, फिरकीच्या तांब्यातले पाणी प्याली, चटणीचे बोट चाटले आणि उठली. गोदावरीबाई तशाच वाकलेल्या राहिल्या होत्या. त्यांना सरळ व्हायला थोडा वेळ लागला.

माथ्यावर पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. पलीकडे घळीत तळे होते. निळे होते. मास्तरांना याचा इतका अचंबा वाटला की ते दोनदा चष्मा पुसून बघत राहिले. अठरा वर्षे त्यांनी खडूने सरोवरे काढली होती, पण पाणी असे हलते, वाऱ्याने त्यावर शहारे येतात, हे त्यांनी कुठल्याही वर्गाला सांगितले नव्हते. मोर मात्र नव्हते. दोन टिटव्या होत्या आणि त्यांना पाहुणे आवडलेले नव्हते. मालती उतारावरून तळ्याच्या काठाशी गेली, पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "अण्णा, आलो की."

आता पुढे जे घडले ते कसे घडले हे मास्तरांना नीटसे सांगता येत नसे. मालती हाताला येईल तो खडा पाण्यात टाकत होती आणि तो डुबुक करून बुडत होता. गोदावरीबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. एकाएकी त्यांनी पदर खोचला. म्हणाल्या, असा नाही गं टाकत. वैरागच्या ओढ्यावर लहानपणी त्या हा खेळ खेळत. चपटा दगड पाण्यावर आडवा फेकायचा आणि तो किती उड्या मारतो ते मोजायचे. तिकडे त्याला भाकऱ्या म्हणत. काठावरचे दगड सगळे गोटे निघाले. गोदावरीबाईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, फडक्याची गाठ सोडली, पाय रोवला, कंबर वाकवली आणि हात फिरवला.

काळा दगड पाण्यावरून उडत गेला. मालती ओरडून मोजत होती. पाच, सहा, सात. नवव्या उडीला तो तळ्याच्या मध्यावर जाऊन दिसेनासा झाला. मालती टाळ्या पिटत होती आणि गोदावरीबाई हसत होत्या. श्रावणापासून त्या हसल्या नव्हत्या. मास्तरही हसत होते. बारा वर्षांत आपल्या बायकोला हे येते याचा पत्ता नसावा, याचे त्यांना नवल वाटत होते. मग हसता हसता त्यांचा हात खिशातल्या पाकिटावर गेला, आणि त्यांचे हसू थांबले.

"अगं," ते म्हणाले, "तो चौथा होता."

गोदावरीबाई एकदम खाली बसल्या. दगड माणूस आहे असे मानणारी बाई ते क्षणभर विसरली होती, आणि बेसाल्टवर व्याख्यान देणारा नवरा काठावर उभा राहून चार, चार असे पुटपुटत होता. गोदावरीबाई म्हणाल्या, दुसरा दगड घेऊ. मास्तर म्हणाले, छे, नोंद त्याची झाली आहे, दुसरा नेणे म्हणजे सरळ लबाडी. एकदा चार लिहून ते जे अडकले होते ते पुन्हा अडकायला तयार नव्हते. आणि या लबाडी न करण्याच्या तंद्रीतच उतरताना त्यांचा दोराने बांधलेला पाय घसरला, ते दहा हात घरंगळत गेले आणि घोटा मुरगळला. परतीच्या वाटेवर कोणाला उचलून न्यावे लागणार, हा प्रश्न असा सुटला. एका बाजूने गोदावरीबाई आणि दुसऱ्या बाजूने मालती, अशा दोघींच्या खांद्यांवर भार टाकून भूगोलाचे मास्तर डोंगर उतरले. मालती मधून मधून म्हणे, अण्णा, इथे हळू, इथे खडा आहे.

नाक्यावर येऊन टांग्यात बसले तेव्हा सूर्य टेकला होता. इसूफमियाँ गावात घरी गेले होते. जाताना त्यांनी पेटीला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावून नेली होती. ओट्यावर शिपाई होता चनबसप्पा, मोठ्या मिशांचा आणि कामाला चोख. तो सकाळी नव्हता. या वेळीही बांबू वर होता. या वेळीही आपण असतो तर गेलो असतो. मास्तर लंगडत खाली उतरले आणि चिठ्ठी दिली.

चनबसप्पाने ती कंदिलाजवळ धरून वाचली. टांग्याकडे पाहिले. पुन्हा चिठ्ठी वाचली.

"हितं चार म्हंतंय. तुमी तीन हाय. चौथा कुटं हाय?"

"तळ्यात," मास्तर म्हणाले. ते खोटे बोलत नसत.

चनबसप्पाने कंदील वर केला. "तळ्यात? बुडला?"

"हो. मध्यभागी."

"आन् ढकललं कुनी त्येला?"

मास्तर जरा घुटमळले, पण अठरा वर्षांची सवय होती. "आमच्या मंडळींनी," ते म्हणाले. "पण मुद्दाम नव्हे. खेळताना."

महबूबभाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "मास्तर, सच बोलने का बी एक टैम रहता."

चनबसप्पाने बांबू खाली ओढला आणि दोर बांधून टाकला. गोदावरीबाईंनी सगळा दगडाचा इतिहास सांगितला. तो त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला की बाई, मानूस बुडाल्यावर त्येला दगड म्हनायचं सुचलं, लई झालं. आता सकाळपर्यंत मोठ्या माणसांपैकी कुणी जागचे हलायचे नाही. इसूफमियाँ येतील, पेटी उघडतील, मग वहीत काय आहे ते दिसेल. त्यांचे घर कुठे? ते काय, मळ्यापलीकडे, लिंबाखाली, दिवा दिसतो ते. बोलावून आणा म्हटले, तर नाका सोडून जाता येत नाही. महबूबभाई? तेही मोठे माणूस. मास्तरांना तर उभेच राहता येत नव्हते.

"पोरगी जाईना का," चनबसप्पा म्हणाला. "तिला कोन अडवतंय?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिले. ही पोर सकाळपासून डोंगर चढली होती, उतरली होती, बापाला तिने ओढून आणले होते. ठरल्याप्रमाणे ती आली होती स्वतःच्या पायांनी, पैज तिने जिंकली होती, आणि आता आणखी काही मागायचा कोणाला हक्क नव्हता. गोदावरीबाईंचे हात पुढे आले. मास्तरांना वाटले, आता ही तिला उचलून टांग्यात बसवणार. त्या हातांनी मालतीच्या डोक्यावरचा रुमाल सोडला, घामाने ओले झालेले बोटभर केस पुसले, आणि रुमाल परत घट्ट बांधला.

"दिवा दिसतोय ना?" गोदावरीबाई म्हणाल्या. "जा. पळत जा."

मालती क्षणभर खरे वाटेना म्हणून थांबली, आणि मग पळाली. मळ्याच्या बांधावरून तिचा रुमाल वरखाली होत गेला. ती वाईटच पळत होती, पाय फेंगडे पडत होते, एकदा अडखळली आणि गोदावरीबाईंच्या तोंडून हळू असा शब्द निघू लागला तो त्यांनी पदराने दाबला. मास्तरांना काही दिसेनासे झाले होते. चष्मा पुसून उपयोग झाला नाही. चनबसप्पाला हे नवरा-बायको का रडतात ते कळेना. बुडालेल्यासाठीच रडत असतील असे वाटून त्याने मिशा खाली केल्या आणि दोघांना पाणी दिले.

इसूफमियाँ जेवण अर्धे टाकून आले. पुढे मालती. पेटी उघडली, वही निघाली, समासातले बारीक अक्षर चनबसप्पाला वाचून दाखवण्यात आले: 'चौथा, दगड, काळा, चपटा.' चनबसप्पाने ते दोनदा ऐकले आणि मास्तरांकडे पाहून सलाम केला. तो कशासाठी होता ते त्याने सांगितले नाही. पण इसूफमियाँचा टाक अजून हवेत होता. बाहेर गेले किती? वहीत खाडाखोड चालत नाही.

मालतीने मूठ उघडली. धावता धावता बांधावरून उचललेला एक लहानसा दगड तिने टेबलावर ठेवला.

"हा तो नव्हे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," गोदावरीबाई म्हणाल्या.

इसूफमियाँनी दगडाकडे पाहिले, मालतीकडे पाहिले, आणि लिहिले, 'बाहेर गेले: चार.' समासात त्यांनी या वेळी काही लिहिले नाही.

घरी पोहोचले तेव्हा शांतम्मा कंदील घेऊन दारातच बसल्या होत्या. त्यांनी मोजून सगळ्यांना उतरवून घेतले आणि चौथा हातात घेऊन उजेडात धरला. म्हणाल्या, हा आमचा न्हाय, आमचा थोराड होता. गोदावरीबाईंनी खाली मान घालून कबुली दिली की तो तळ्यात राहिला.

"ऱ्हाऊ द्या की," शांतम्मा म्हणाल्या. "तितं आवडलं आसंल त्येला. ह्यो बी वाढंल."

दोन जानेवारीला सकाळी शाळेतल्या दोन मैत्रिणी मालतीला बोलवायला आल्या. दप्तर रात्रीच भरलेले होते. मास्तर मुरगळलेला पाय उशीवर ठेवून खिडकीशी बसले होते. मालती एकटी जिना उतरली, कठड्याला हात न लावता. गोदावरीबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि त्या मोजत आहेत हे मास्तरांना त्यांच्या ओठांवरून कळले. एक, दोन, तीन. मैत्रिणी धरून तिघीच. खिडकीच्या कट्ट्यावर तो लहान दगड होता. गोदावरीबाईंनी त्याच्याकडे पाहिले, मास्तरांनीही पाहिले, आणि व्याख्यान दिले नाही. उलट त्यांनीच दगड उचलून बायकोपुढे धरला.

गोदावरीबाईंनी तो घेतला, पदराने पुसला आणि परत कट्ट्यावर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उगाच दप्तर जड होईल तिचं."